उंदरांच्या पावलांतून काळ मोजणारा संशोधक

रिश्टर हे नाव उच्चारले, की मराठी माणसाला भूकंप आठवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली आणि रिश्टर स्केल हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते चार्ल्स रिश्टर. त्याच आडनावाच्या दुसऱ्या एका अमेरिकी शास्त्रज्ञाचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कानावर येत नाही. कर्ट पॉल रिश्टर यांनी भूमीची नव्हे, तर प्राण्याच्या देहाची स्पंदने मोजली. पिंजऱ्यातील उंदीर केव्हा उठतो, किती धावतो, केव्हा खातो आणि केव्हा निजतो याची नोंद ठेवण्यात त्यांनी साठ वर्षांहून अधिक काळ घालवला. सजीवाच्या शरीरात स्वतःचे एक घड्याळ असते, ही आज शाळकरी मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट ज्यांच्या परिश्रमांमुळे सिद्ध झाली, त्यांत रिश्टर यांचे स्थान फार वरचे आहे.

उंदीर रात्री हिंडतो हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही. इंदापूर तालुक्यातील शेळगावसारख्या ऊसपट्ट्यातील गावात कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. दिवसा बांधावरची बिळे शांत असतात आणि सकाळी फडात जावे तर कुरतडलेल्या कांड्या पडलेल्या दिसतात. मुंबई महापालिकाही आपल्या मूषक संहारकांना रात्रपाळीलाच बाहेर काढते. पण उंदीर रात्री का हिंडतो? अंधार पडला म्हणून, की अंधार पडो न पडो, त्याच्या आतूनच काही त्याला उठवते म्हणून? हा प्रश्न वरवर बालिश वाटतो. त्याचे उत्तर शोधण्यात मात्र एका माणसाचे अवघे आयुष्य खर्ची पडले.

अभियंत्याचा मुलगा

कर्ट रिश्टर यांचा जन्म २० फेब्रुवारी १८९४ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर येथे झाला. आईवडील जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातून तिकडे स्थायिक झालेले. वडील अभियंता होते आणि त्यांचा लोखंड-पोलादाचा कारखाना होता. कर्ट आठ वर्षांचे असताना शिकारीत झालेल्या अपघातात वडिलांचा मृत्यू झाला. आईने खचून न जाता कारखान्याची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली आणि मुलाला वाढवले. यंत्रे, हत्यारे आणि धातूंच्या सहवासात गेलेले हे बालपण पुढे प्रयोगशाळेत कामी आले. आपल्याला लागणारी उपकरणे रिश्टर आयुष्यभर स्वतःच जुळवत राहिले.

वडिलांच्याच वाटेने जावे या विचाराने १९१२ मध्ये ते जर्मनीतील ड्रेस्डेन येथे अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी गेले. दोनच वर्षांत पहिले महायुद्ध पेटले आणि १९१५ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. अभियांत्रिकीवरचे मन तोवर उडाले होते. तेथे रॉबर्ट यर्कीस यांच्यासारख्या शिक्षकांमुळे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास त्यांच्यासमोर आला आणि आपली वाट हीच, हे त्यांना उमगले. १९१७ मध्ये पदवी मिळाली. त्यानंतर लष्करातील सेवा झाली आणि १९१९ मध्ये ते बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखल झाले. त्यानंतर त्यांनी ते गाव सोडले नाही.

बारा उंदरांचा पिंजरा

बाल्टिमोरला ते गेले ते जॉन वॉटसन यांच्याकडे. मनाच्या गूढ गोष्टी बाजूला ठेवा आणि डोळ्यांना दिसते ते वर्तन मोजा, असा आग्रह धरणाऱ्या मानसशास्त्राचे वॉटसन हे प्रवर्तक. त्यांनी या नव्या विद्यार्थ्याला ना विषय ठरवून दिला, ना व्याख्यानांना बसण्याची सक्ती केली. काम चांगले व्हावे एवढीच अपेक्षा ठेवली. प्रारंभी रिश्टर यांना काय करावे हेच सुचेना. अशात एके दिवशी त्यांच्या खोलीत बारा उंदरांचा एक पिंजरा येऊन पडला. उंदीर असे जवळून त्यांनी पूर्वी पाहिलेच नव्हते. ते नुसते बघत बसले. थोड्याच वेळात त्यांच्या ध्यानात आले, की उंदीर काही काळ अकारण धावपळ करतात, मग निपचित पडतात आणि पुन्हा उठून धावू लागतात. कोणी डिवचलेले नाही, खायला टाकलेले नाही, आवाज झालेला नाही. मग ही हालचाल येते कोठून?

त्या काळच्या वर्तनशास्त्राचा सारा भर बाहेरून मिळणाऱ्या चेतनेवर होता. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, तसे प्रत्येक कृतीला बाहेरचे कारण असणार असे मानले जाई. रिश्टर यांना दिसत होते ते याच्या उलट होते. प्राणी आपणहूनही हालतो. मग त्या आतल्या कारणाचा माग काढायचा कसा?

येथे ड्रेस्डेनचे शिक्षण उपयोगी पडले. त्यांनी पिंजऱ्याच्या तळाशी रबरी पडद्याच्या हवाबंद डब्या बसवल्या. उंदीर किंचित हलला तरी डबीतील हवा दाबली जाई, नळीतून तो दाब एका काट्यापर्यंत पोचे आणि फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटे. माणसाने डोळ्यांत तेल घालून बसण्याची गरज उरली नाही. उंदीर स्वतःच आपली रोजनिशी लिहू लागला. काही पिंजऱ्यांना फिरते चाक जोडले. उंदीर चाकात शिरून धावला, की प्रत्येक फेरी मोजली जाई.

प्रकाश, तापमान व अन्न स्थिर ठेवून केलेल्या या नोंदींत साधारण दीड ते दोन तासांनी येणाऱ्या हालचालींच्या लाटा दिसल्या. पोटाच्या आकुंचनाशी त्यांचा संबंध असल्याचे रिश्टर यांनी दाखवले. या कामावर १९२१ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि १९२२ मध्ये त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. १९२३ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतील गिंग शी वांग या संशोधकाने आणखी एक गोष्ट दाखवली. मादीच्या धावण्याला चार ते पाच दिवसांची भरती-ओहोटी असते आणि ती तिच्या ऋतुचक्राशी बांधलेली असते. माजाच्या रात्री मादी चाकात कित्येक मैल धावे आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा एकदम खाली येई. चाकाच्या फेऱ्या मोजून शरीरातील संप्रेरकांचा ठाव लागतो, हे त्या काळी नवेच होते.

दरम्यान गुरूचे स्थान डळमळले. विद्यार्थिनीशी असलेल्या प्रेमसंबंधांमुळे उठलेल्या वादळात वॉटसन यांना १९२० मध्ये विद्यापीठ सोडावे लागले आणि पुढे ते जाहिरातक्षेत्रात गेले. रिश्टर मात्र टिकले. फिप्स मनोरुग्णालयाचे प्रमुख, मूळचे स्वित्झर्लंडचे अॅडॉल्फ मायर यांनी १९२२ मध्ये या तरुणाच्या हाती प्रयोगशाळा सोपवली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे २८ वर्षे. मनोरुग्णालयात उंदरांची प्रयोगशाळा ही कल्पना अनेकांना विचित्र वाटली असेल. मायर यांना मात्र मन आणि देह यांच्यात भिंत मान्य नव्हती.

मिठासाठी आसुसलेला मुलगा

शरीर आपल्या गरजा स्वतः ओळखते, हा रिश्टर यांच्या साऱ्या कामाचा गाभा होता. अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेल्या उंदराच्या शरीरातून मीठ वाहून जाते आणि तो काही दिवसांत मरतो. १९३६ मध्ये रिश्टर यांनी दाखवले, की अशा उंदरापुढे साधे पाणी आणि मिठाचे पाणी अशी दोन भांडी ठेवली, तर तो मिठाचे पाणी भरपूर पितो आणि जगतो. त्याला कोणी शिकवलेले नसते. पुढे त्यांनी उंदरांपुढे प्रथिने, मेद, साखर, क्षार आणि जीवनसत्त्वे वेगवेगळ्या भांड्यांत मांडून ठेवली. उंदीर आपल्याला पोषक असे ताट स्वतःच वाढून घेत.

या संशोधनाची करुण बाजू १९४० मध्ये समोर आली. बालरोगतज्ज्ञ लॉसन विल्किन्स यांच्यासह रिश्टर यांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. हा मुलगा घरी मिठासाठी वेडा होई. बिस्किटावरचे मीठ चाटून तो बिस्किट टाकून देई. त्याने शिकलेल्या पहिल्या काही शब्दांत मीठ हा शब्द होता. रुग्णालयात दाखल केल्यावर त्याला नेहमीचा आहार देण्यात आला. त्यात त्याला हवे तेवढे मीठ नव्हते. सात दिवसांत तो दगावला. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथींत दोष असल्याचे आढळले. ज्याला हट्ट समजले जात होते, त्यानेच त्याला तोवर जिवंत ठेवले होते. उंदरावरील प्रयोगाचा अर्थ माणसाच्या बाबतीत किती मोलाचा ठरू शकतो, हे यावरून वैद्यकाला कळले.

उंदीर मारण्याचे काम

ज्या प्राण्याने आपल्याला सर्व काही दिले, त्यालाच मारण्याचे काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिश्टर यांच्याकडे आले. शत्रू उंदरांकरवी रोग पसरवील, अशी भीती अमेरिकी सरकारला वाटत होती. चव आणि विष यांचा अभ्यास करताना रिश्टर यांच्या हाती थायोयुरियाच्या कुळातील काही संयुगे आली होती. त्यांतूनच अँटू या नावाने ओळखले जाणारे मूषकनाशक तयार झाले. बाल्टिमोरच्या गल्लीबोळांत ते मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आले. १८९६ च्या प्लेगने हादरलेल्या मुंबई-पुण्याच्या वाचकाला या भीतीचे स्वरूप वेगळे समजावून सांगायला नको.

औषध सर्व उंदरांवर सारखे चालले नाही. ते प्रामुख्याने गटारांतील मोठ्या तपकिरी उंदरांवर लागू पडे. शिवाय एकदा थोडी मात्रा पोटात जाऊन वाचलेला उंदीर पुढच्या मात्रेला दाद देत नसे. पुढे हे विष मागे पडले. रिश्टर यांना मात्र या मोहिमेतून रानटी उंदरांचा मोठा साठा मिळाला आणि त्यांनी प्रयोगशाळेतील पांढरे उंदीर व गल्लीतील उंदीर यांची तुलना सुरू केली. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराच्या अधिवृक्क ग्रंथी लहान झालेल्या दिसल्या. माणसाळणे हे नुसते स्वभावात नसते, ते अवयवांतही उतरते, असा त्याचा अर्थ.

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग आजही अनेक ठिकाणी सांगितला जातो. पाण्याच्या उंच नळकांड्यात सोडलेले रानटी उंदीर काही मिनिटांतच बुडून मरत. पाळीव उंदीर मात्र कित्येक तास पोहत राहत. रानटी उंदरांना आधी काही वेळा थोडक्यात पाण्यातून सोडवले, तर तेही दीर्घकाळ पोहत. सुटका होऊ शकते एवढे कळणे पुरेसे होते. रिश्टर यांनी याचा संबंध निराशेमुळे येणाऱ्या आकस्मिक मृत्यूशी जोडला. आशेवरच्या व्याख्यानांतून हा प्रयोग पुष्कळदा तिखटमीठ लावून सांगितला जातो. आज त्यातील क्रौर्य मनाला बोचते आणि ते बोचायलाच हवे.

घड्याळाचा शोध

या साऱ्या काळात चाकांवरील नोंदी सुरूच होत्या. प्राण्याची रोजची लय बाहेरच्या उजेडावर अवलंबून असते का, हा मूळ प्रश्न होता. त्याची परंपराही जुनी आहे. १७२९ मध्ये फ्रान्सच्या द मेरां यांनी लाजाळूसारखी वनस्पती अंधाऱ्या जागी ठेवली, तरी तिची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत असल्याचे नोंदवले होते. उंदराच्या बाबतीत रिश्टर यांनी दृष्टी गेलेले उंदीर वर्षानुवर्षे चाकांच्या पिंजऱ्यात ठेवून पाहिले. सूर्य उगवला काय आणि मावळला काय, त्यांना कळायला मार्ग नव्हता.

नोंदीची पद्धत साधी होती. चाक फिरले की लेखणी सरकत्या कागदावर खूण करी. चोवीस तासांची पट्टी कापून आदल्या दिवसाच्या पट्टीखाली चिकटवायची. महिना-दोन महिन्यांच्या पट्ट्या एकाखाली एक आल्या, की चित्र डोळ्यांपुढे उभे राही. डोळस उंदरांच्या पट्ट्यांवर हालचालीची सुरुवात रोज एकाच वेळी, दिवे मालवण्याच्या सुमारास होई आणि खुणांची उभी सरळ रेघ दिसे. अंध उंदरांच्या पट्ट्यांवर मात्र रेघ तिरपी जाई. गणित समजायला सोपे आहे. समजा, एखाद्या उंदराचे आतील घड्याळ २४ तास २० मिनिटांचे आहे. तो रोज २० मिनिटे उशिरा उठेल, तीन दिवसांत एक तास मागे पडेल आणि ७२ दिवसांनी पुन्हा मूळ वेळेवर येईल. संकष्टीच्या चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्यांना हे नवे नाही. चंद्रही रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या उंदरांची लय २४ तासांची नव्हती, पण बेतालही नव्हती. प्रत्येकाचा स्वतःचा काळ होता आणि तो महिनोन्‌महिने टिकत होता. बाहेरच्या जगाचा एखादा अज्ञात संकेत त्यांना उठवत असता, तर सारे एकाच वेळी उठले असते. याचा अर्थ घड्याळ आत होते.

ते आत कोठे, याचा शोध रिश्टर यांनी हट्टाने घेतला. त्यांनी एकेक ग्रंथी काढून पाहिली. अवटू, अधिवृक्क, पीयूषिका, जननग्रंथी. धावणे कमी झाले, पण वेळ चुकली नाही. विजेचे झटके, मद्य, गुंगीची औषधे, प्राणवायूचा अभाव, शरीर गोठण्याइतके थंड करणे, असे सारे काही करून झाले. शुद्धीवर आलेला उंदीर थोड्याफार फरकाने आपल्या ठरल्या वेळी चाकाकडे वळे. मग ते मेंदूकडे वळले. वेगवेगळ्या भागांत इजा करून त्यांनी नोंदी घेतल्या. केवळ मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकाच्या एका भागाला इजा झाली, तरच लय कोलमडे. उंदीर धावे, खाई, झोपे, पण कोणत्याही वेळी. १९६७ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचे वय ७३ होते.

नेमकी जागा मात्र त्यांच्या हाती लागली नाही. तो मान १९७२ मध्ये दोन स्वतंत्र गटांना मिळाला. मूर आणि आयक्लर हा एक आणि स्टीफन व झकर हा दुसरा. डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या फुलीच्या अगदी वर असलेला, सुमारे २० हजार पेशींचा एक चिमुकला पुंजका हे त्या घड्याळाचे घर ठरले. १९९० मध्ये मार्टिन राल्फ, मायकेल मेनेकर आणि सहकाऱ्यांनी हॅमस्टर या प्राण्यातील हा पुंजका दुसऱ्या हॅमस्टरमध्ये रोपला, तेव्हा ज्याचा पुंजका त्याचीच लय नव्या देहात उमटली. फळमाशीतील घड्याळाची जनुके उलगडणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. या इमारतीच्या पायातील काही दगड बाल्टिमोरच्या त्या मनोरुग्णालयात बसवलेले होते.

रिश्टर यांना उंदरांइतकीच रुग्णांची ओढ होती. काही मनोरुग्णांमध्ये आजार ठरावीक दिवसांनी परततो. कोणी एक दिवस खिन्न, तर दुसऱ्या दिवशी उत्साही असतो. अशा चक्रांवर त्यांनी १९६५ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यातील सारी अनुमाने पुढे टिकली असे नाही. तरीही आजाराला वेळ असते, हा विचार त्यामुळे वैद्यकात रुजला.

दिव्याचा उजेड आणि रात्रीचे पाणी

निवृत्तीचे वय उलटल्यावरही रिश्टर प्रयोगशाळेत येत राहिले. १९४८ मध्येच ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले होते. त्यांच्या निवडक लेखांचा संग्रह १९७६ मध्ये निघाला. २१ डिसेंबर १९८८ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचे काही प्रयोग आज कोणतीही नैतिकता समिती सहजासहजी मान्य करणार नाही. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांसाठी १९९८ पासून स्वतंत्र नियम आहेत. आता काजळीच्या कागदाची जागा अवरक्त किरणांच्या संवेदकांनी आणि संगणकाने घेतली आहे. उंदराला हात न लावता, त्याचे डोळे न घेता, केवळ अंधारात ठेवून त्याची लय मोजता येते. पट्ट्या एकाखाली एक मांडण्याची पद्धत मात्र तीच आहे. संगणकाच्या पडद्यावरही रेघ तशीच तिरपी जाते.

हे घड्याळ आपल्यातही आहे आणि सूर्यप्रकाश ते रोज जुळवून घेतो. पुण्या-मुंबईत रात्रपाळी करणाऱ्या हजारो तरुणांचे ते रोज मोडले जाते. रात्रपाळीमुळे कर्करोगाचा धोका संभवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये नोंदवले आणि २०१९ मध्ये त्याला दुजोरा दिला. रात्रपाळी फक्त शहरातच असते असेही नाही. शेतीपंपाची वीज रात्री आली, की शेळगावच्या शिवारातील शेतकऱ्यालाही उसाची दारे धरायला बॅटरी घेऊन निघावे लागते. त्याच वेळी बांधावरच्या बिळातून उंदीर बाहेर पडत असतो. उंदीर त्याच्या घड्याळाप्रमाणे उठलेला असतो. माणूस मात्र वीज येण्याच्या वेळेप्रमाणे. शेतीला दिवसा वीज हवी ही मागणी सोयीची तर आहेच, पण ती देहाचीही आहे, एवढे या संशोधकाच्या चरित्रावरून ध्यानात घ्यायला हरकत नाही.